हातमोजे घालून हात धुवायला

चूक माझीच. मला संडासला जायचं होतं आणि मी म्हणालो, हात धुवायचे आहेत. हातात रबरी मोजे होते.

"हो हो, धुवा ना," त्या घरच्या वहिनी आतूनच म्हणाल्या, आणि ग्रिलच्या फटीतून माझ्या मोज्यांवर सॅनिटायझरची पिचकारी मारली.

लॉकडाऊनचे दिवस. मी जबलपुरात एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचो. अजूनही घेतो. राइट टाउनातलं ते घर मराठी, म्हणून मला आवडायचं. आजोबांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती, दर पंधरा दिवसांनी तपासणी. त्या दिवशी व्हरांड्यात त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, नस शोधली, नळी भरली. झाकण लावलं आणि माझ्या पोटात पीळ पडला.

माझ्या मोठ्या आतड्याला जुनी सूज आहे, जखमा आहेत. कळ आली की माझ्याजवळ तीन मिनिटं असतात. चौथं माझं नसतं. लोकांना गावातली देवळं पाठ असतात, मला संडास पाठ होते. घरून, महाराजपूरहून निघालं की पेट्रोल पंप, पुढे एक धर्मशाळा, मग सदर बाजारातला मिठाईवाला. तो तर मला पाहताच न बोलता मागचं दार दाखवायचा. लॉकडाऊनने सगळ्यांना कुलूप घातलं. मग मी सकाळचं खाणं सोडलं. चहा सोडला. पाणी घोटघोट. उपाशी पोट शहाण्यासारखं वागेल, असा माझा हिशोब. पोट माझ्याहून हुशार निघालं.

लॅबमध्ये आजार लपवला होता. सांगितला असता तर घरी बसवलं असतं.

वर ते पांढरं पीपीई किट. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, चेनवर चिकटपट्टी. दिवसाला एकच मिळायचं, म्हणून मी शहाणा ते घरूनच घालून निघायचो. चंद्रावर निघाल्यासारखा, स्कूटरवर.

मोज्यांवरून सॅनिटायझर ठिबकत होतं. एक मिनिट गेलं होतं. लाज गिळली.

"वहिनी, खरं सांगतो, संडासला जायचंय. आतड्याचा आजार आहे मला. कोरोना नाही."

त्या मागे सरकल्या. त्यांचे मिस्टर आले, मोठे अधिकारी. अंगणाच्या कोपऱ्यात कामवालीसाठी वेगळा संडास होता. कामवालीचं येणं बंद, संडासाला कुलूप. मी तिकडे बोट दाखवलं.

"नाही भैया, सध्या रिस्क नाही घेऊन राहिलो आम्ही. बाहेर कुठे तरी करून घ्या ना. तुम्हा लोकांना सवय असते."

तुम्हा लोकांना. पावतीवरचं माझं आडनाव त्यांनी पहिल्याच खेपेला दोनदा वाचलं होतं. मराठी घर. आडनाव बरोबर कळतं.

माझी आजी रुळाच्या कडेला जायची. आईही जायची. त्यांना सवय नव्हती. संडास नव्हता.

यांच्या बापाच्या नसेत सुई घालायला माझा हात चालत होता. माझं बूड यांच्या मोलकरणीच्या भांड्यालाही चाललं नाही.

फाटकापर्यंत पोचलो. चिकटपट्टी ओढली, निघेना. तिथेच झालं. किटचं कौतुक करायला हवं, आतलं बाहेर येत नाही. बसता येईना, म्हणून स्कूटरवर अर्धा उभा राहून निघालो. नळी लॅबच्या खिडकीतून आत सरकवली आणि घराकडे वळलो. चौकात पोलिसाने मला सलाम ठोकला. तेव्हा आमच्यासाठी टाळ्या वाजत होत्या.

घरी बायकोने बादली काढली.

माझ्या पोटात काही टिकत नाही. 'तुम्हा लोकांना सवय असते' हे वाक्य मात्र पंधरा दिवस टिकलं.

पुन्हा तेच घर. या वेळी किट घडी करून पिशवीत. फाटकातूनच ओरडलो, शेजारच्या गच्चीवर ऐकू जाईल असं.

"मला आतड्याचा रोग आहे. दिवसातून दहादा जावं लागतं. आधी त्या संडासाचं कुलूप काढा. मग किट घालीन, मग रक्त."

"तमाशा काहून करून राहिले?" मिस्टर बाहेर आले. "लॅबला फोन लावतो मी."

"लावा. मीही आज सांगणारच आहे त्यांना."

लावला. माझा आजार, कुलूप, सगळं सांगितलं. स्पीकरवर लॅबच्या मालकाचा आवाज आला, "सर, बाकी सब बीमार पड़े हैं. इसी से काम चलाइए. खोल दीजिए ना."

मालकाला माझा पुळका नव्हता. दुसरा माणूस नव्हता, एवढंच.

कुलूप निघालं. आत झाडू, रद्दी, कोळ्याची जाळी. मी बसलो. आणि काही झालंच नाही. दहा वर्षांच्या दुखण्यात पहिल्यांदाच. तरी पूर्ण दहा मिनिटं बसून राहिलो. हक्काने. मग किट घातलं. आजोबांची नस एका झटक्यात सापडली.

तेव्हापासून प्रत्येक फाटकावर पहिलं वाक्य तेच. नमस्काराच्याही आधी. संडास म्हणतो, हात धुणं म्हणत नाही. जे दार उघडत नाहीत, त्यांच्याकडे मी जात नाही, लॅबला तसं लिहून दिलंय. नोकरी गेली तर जाऊ दे. कुणाच्या शुद्ध अंगणासाठी मी माझ्याच कपड्यात पुन्हा बसणार नाही.

कुलूप निघालं त्या दिवशी घरी येऊन हे सगळं छाती फुगवून बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"हेच पहिल्या दिवशी काहून नाही बोलले? पॅन्ट मला धुवावी लागली ना."