मंजुळाबाईचा डावा हात

पिंप्राळ्यात आधी फटफटीचा आवाज येतो आणि मग बऱ्याच वेळाने मंजुळाबाई येतात. मागे लाकडी पेटी, पेटीत गोणपाटात गुंडाळलेलं मातीचं खापर. लग्नाघरी त्या खापरावर पुरणाचे मांडे करायचे, हा बाईंचा तीस वर्षांचा धंदा. नवरा गेला तेव्हा त्याची ही फटफटी विकायला भाऊबंद टपले होते; बाईंनी ती शिकून घेतली. रिक्षात खापर फुटतं, असं त्या सांगतात. खरं म्हणजे रिक्षावाल्याची वाट बघत उभं राहणं त्यांच्या रक्तातच नाही.

साठी जवळ आली आणि संधिवाताने बोटं धरली. त्यात क्लच असा जड, की धडधाकट गड्यानेही ओढताना दात आवळावेत. चैत्रात धरणगावच्या रेल्वे फाटकापाशी थांबायचं होतं आणि डाव्या हाताची मूठ मिटेचना. गाडी आचके देऊन भर रस्त्यात बंद पडली. मागून हॉर्नचा गिल्ला. बाईंनी गाडी ढकलत कडेला नेली आणि रडून घेतलं. रागाने रडल्या, दुःखाने नव्हे.

तिथून कशीबशी गाडी काढली ती थेट तोताराम मिस्त्रीच्या दुकानात. त्याने क्लचची वाळकी केबल बदलली, नवीला तेल पाजलं आणि इंजिनकडचा दांडा वेल्डिंग करून दोन बोटं लांब केला, म्हणजे ओढायला जोर कमी लागावा. "आते वढी दखा, अक्का." बाईंनी ओढून पाहिलं. दुखलं, पण मूठ मिटली.

मात्र फाटकाची बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. मुलगा नवल दारातच उभा. त्याने चावी मागून घेतली आणि खिशात टाकली.

"माय, आते बस. डॉक्टरनी हातले आराम सांगेल शे. आखाजी व्हयनी का गाडीले गिऱ्हाईक येनार शे."

"बरं," म्हणून बाई आत गेल्या. नवलने तेव्हाच घाबरायला हवं होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक दिपमाला धुळ्याहून माहेरी आली. पुरण वाटून झालं, चूल पेटली, खापर तापलं. आणि मंजुळाबाई ओट्यावर, पदराखाली हात घेऊन खुशाल बसलेल्या.

"माय, मांडा?" नवलने विचारलं.

"हात दुखतस, भाऊ. डॉक्टरनी आराम सांगेल शे."

"तो ते गाडीकरता सांगेल शे!"

"असं? गाडीना हात येगळा नि मांडास्ना हात येगळा शे का?" बाईंचा आवाज चढला. "तीस वरीस मांडा करस मी. हात दुखतस, आते सोडी दे, असं कोनी म्हनं नही. गाडी सोड म्हनाले मात्र बठ्ठा पुढे!"

दिपमाला तोंडाला पदर लावून हसली. नवलला हसू आलं नाही, कारण बोलणं खरं होतं. त्याने खापराकडे पाहिलं, आईच्या पदराकडे पाहिलं. मग फोन काढून गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून सांगितलं आणि चावी खुंटीला अडकवली.

मंजुळाबाईंनी हात धुतले. पहिला मांडा फाटला. बाईंनी त्याला एक शिवी हासडली आणि पुरण भरलेला दुसरा उंडा घेतला. तो दोन्ही हातांवर झुलत झुलत कोपरापर्यंत पसरला आणि खापरावर पडला. सणाचं घर खमंग झालं.

नवल चुलीपाशी येऊन बसला. "दुखस का, माय?"

तीस वर्षांत खापराजवळ हे कोणी विचारलं नव्हतं. बाईंनी खाली मान घालून मांडा उलटला.

"दुखस. दोन्ही बी हात दुखतस." मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, "सोमवारले धरनगावनं लगीन शे. तू मांगे बस, खापर धर. गाडी मीच चलावसू."