पार्वतीबाईंचा पुकारा

आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातला देव्हारा गेला आणि त्याच्यासोबत भूतखेत, देवऋषी, उतारे हेही गेले. मी त्याच घरात वाढलो. मानवत गावी शेजारी कुणाच्या अंगात आलं की वडील दार लावून घ्यायचे आणि आम्हाला पाढे म्हणायला बसवायचे. या सदरातले अनुभव सून मोबाईलवर वाचून दाखवायची तेव्हा मी हसायचो. आता मीच लिहायला बसलोय... तुम्हाला पटावं असा आग्रह नाही, मलाच ते धड पटलेलं नाही. पण त्यात माझा हात किती होता, तेवढं तरी स्पष्ट लिहितो.

मी एका सरकारी विद्यापीठाच्या उपकेंद्रात सहायक कुलसचिव होतो. परभणीहून जिंतूरकडे जाताना लागतं, एवढंच सांगतो. जन माहिती अधिकारी म्हणूनही माझीच नेमणूक होती. माहिती अधिकारात अर्ज आला की काय द्यायचं आणि काय झाकून ठेवायचं, ते मी ठरवायचो.

मुलींच्या वसतिगृहात पार्वतीबाई नावाच्या मदतनीस होत्या, कंत्राटी. सोनपेठकडच्या. नवरा वारलेला, एक लेक — संगीता, नर्सिंगला. एक विभागप्रमुख मुलींना ‘प्रोजेक्ट तपासायला’ एकेकटीला बंगल्यावर बोलवायचा. मुली रात्री रडायच्या, पण सही कुणी करेना. शेवटी पार्वतीबाईंनीच तक्रार लिहून घेतली, खाली आपली सही केली आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“सायेब, माझं नाव कुटं फुटणार न्हाई ना?”

“बाई, मी बसलोय ना इथं.”

“तुमी बसलाव म्हणूनच आले जी.”

महिन्याभरात त्या विभागप्रमुखाच्या मेहुण्यानं माहिती अधिकारात अर्ज टाकला — तक्रारीची प्रत द्या. वरून ठरलं की तक्रारदाराचं नाव झाकून प्रत द्यायची. यात एक रीत असते. झेरॉक्सवर नाव काळ्या मार्करनं मारायचं, मग त्या काळ्या केलेल्या कागदाची पुन्हा झेरॉक्स काढायची आणि ही दुसरी प्रत अर्जदाराला द्यायची. पहिली कधीही द्यायची नाही. मार्करची शाई कितीही फासा, कागद उजेडाकडे धरला की खालची अक्षरं दिसतातच. हे मीच नव्या कारकुनांना शिकवायचो.

त्या दिवशी मुदतीचा शेवटचा दिवस होता. लाईट गेलेली, दुसरी झेरॉक्स निघेना. मेहुणा समोर खुर्चीत बसून घड्याळ दाखवत होता, “काय वाघमारे सायेब, दंड भरायचा इचार हाय का?” आणि मी ती पहिलीच प्रत शिक्का मारून त्याच्या हातात दिली. वाटलं, एवढं गडद मारलंय, कोण बघतंय.

खिडकीतून समोरचा चहाचा ठेला दिसतो. मेहुण्यानं तिथं उभं राहून कागद उन्हाकडे धरला. मग माझ्या खिडकीकडे बघून हात हलवला, “लय उपकार झाले ओ सायेब! सगळं दिसायलंय!”

मी खिडकी लावून घेतली. एवढंच केलं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. बंगल्यावरून माणसं वसतिगृहाच्या दाराशी येऊन पार्वतीबाईंना नावानिशी शिव्या देऊन गेली. नाव फुटलं कसं, यावर चौकशी बसली. मला लेखी विचारलं. मी लिहून दिलं — कार्यालयाने नियमानुसार नाव वगळून प्रत दिली. सदर मदतनीस यांनी स्वतःच वसतिगृहात वाच्यता केली असावी. ‘असावी’ हा शब्द मी मुद्दाम घातला होता. चौकशी अहवालात तो गळाला आणि ‘केली’ असं आलं. जी बाई स्वतःच बोभाटा करते तिची तक्रार विश्वासार्ह नाही, म्हणून मूळ तक्रारही निकाली निघाली. बाईंचं कंत्राट पुढं वाढवलं नाही. वसतिगृहाच्या मेसमधल्या बायका त्यांना ‘रेडिओ’ म्हणायला लागल्या. ज्या मुलींसाठी त्यांनी सही केली, त्या मुलीही त्यांच्याशी बोलेनात — आपलंही नाव ही बाई सांगेल म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात त्या सोनपेठला वारल्या. कावीळ झाली होती म्हणे.

त्यानंतर संगीताचा अर्ज आला : आईवरच्या चौकशीचा अहवाल द्या. मी नाकारला. कारण लिहिलं — गोपनीय, त्रयस्थ व्यक्तीची खासगी माहिती. ते मी एका दमात लिहिलं, हे आता आठवलं की जास्त वाईट वाटतं. तिनं अपील केलं. अपिलाची फाईल मीच तयार केली. त्यात त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे ज्याची माहिती मागितली त्याचा, रकाना असतो. त्यात मी पार्वतीबाईंचं नाव टाकलं. त्या वारल्या हे मला ठाऊक होतं, पण फाईलवर मृत्यूचा दाखला लागलेला नव्हता. आमच्याकडे दाखला लागेपर्यंत माणूस हयात धरतात. सवयीनं टाकलं. अपिलीय अधिकारी मॅडम नव्यानंच बदलून आलेल्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं.

सुनावणी दुपारी होती. भर ऊन, बाहेर व्हरांड्यात चिटपाखरू नाही. आत मॅडम, त्यांच्यासमोर मी, आणि भिंतीलगतच्या खुर्चीत संगीता. दारात गफूरमामा शिपाई. सुनावणीत हजेरी नावाचा पुकारा करून घ्यायची, समोर माणूस दिसत असला तरी. गफूरमामांनी आधी संगीताला पुकारलं, मग मला. मॅडम म्हणाल्या, “त्रयस्थ पक्ष?”

मी खाली बघत होतो. सांगायला हवं होतं की बाई हयात नाहीत. मला वाटलं संगीता सांगेल. तिला बहुतेक कळलंच नाही की आता कुणाला पुकारणार आहेत.

गफूरमामांनी व्हरांड्याकडे तोंड करून पार्वतीबाईंचं पूर्ण नाव पुकारलं. थांबले. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा नाव पुरतं व्हायच्या आत बाहेरून आवाज आला —

“हाय जी. बसलेय न्हवं मघाधरनं.”

जसा होता तसा लिहितोय. जरा थकलेला, उन्हातून चालून आलेल्या बाईचा. मी तो आवाज माझ्या टेबलासमोर ऐकलेला होता.

मॅडमनी मान वर न करता रोजनाम्यात ‘हजर’ लिहिलं आणि म्हणाल्या, “या, आत या बाई.”

कुणी आलं नाही. गफूरमामा बाहेर डोकावले. बाकड्यापाशी गेले, कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“कोई नै मॅडम. बाहर कोईच नै.”

“अहो, आत्ता बोलल्या ना त्या! गेल्या कुठं?”

तेव्हा संगीता बोलली. खुर्चीतच होती, दोन्ही हातांनी पर्स धरून. “मॅडम, ती माझी आई हाय. ती वारली.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मी सगळं सांगू शकलो असतो — मार्कर, लाईट, चहाचा ठेला. मी म्हणालो, “मॅडम, दाखला फाईलवर नव्हता.”

मॅडमनी अहवाल देण्याचा आदेश केला. संगीताला तो मिळाला आणि आईनं स्वतःच बोभाटा केला असं तिनं त्यात वाचलं. काही महिन्यांनी मी रिटायर झालो. रोजनाम्यातलं ‘हजर’ मॅडमनी खोडलं नाही. का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

मला वाटलं होतं, संपलं.

पहिल्यांदा बँकेत झालं. काउंटरवरून माझं नाव पुकारलं आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या मागून तोच आवाज — “हाय जी.” वळलो तर मागे एक दाढीवाले गृहस्थ, पासबुक घेऊन. मग सुनेसोबत रेशनच्या रांगेत. मग डोळ्यांच्या दवाखान्यात, परभणीत... तिथं काचबिंदूसाठी मला दर महिन्याला जावं लागतं. म्हणाल, म्हाताऱ्याचे कान वाजत असतील. मीही तेच म्हणत होतो, कान तपासून घेतले. पण दवाखान्यातल्या कंपाउंडरनं एकदा माझं नाव घेतलं आणि माझ्याकडे न बघता माझ्या पलीकडे बघून हात वर केला, “ओ मावशी, तुमी बसा. वाघमारे बाबांचा नंबर हाय.” मग गोंधळून मला म्हणाला, “आत्ता कोण बोललं ओ?”

माझ्या नावाला त्या उत्तर देत होत्या. दर वेळी. जिथं जिथं मी हजर असायला हवं होतं, तिथं त्या हजर.

मी सोनपेठला गेलो. संगीता आता तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. तिच्या ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं, आवाजाचं सोडून. ती भांडी घासत होती, ती थांबली नाही. शेवटी म्हणाली, “काका, मला सांगून काय उपेग? तिला रेडिओ कोण म्हणायलं होतं, त्यायला सांगा. माझ्यासमोर सांगा.”

सांगितलं. वसतिगृहाच्या मेसमध्ये, पोळ्या लाटणाऱ्या बायकांसमोर, संगीता दारात उभी असताना. मार्करचा तो कागद कसा दिला, ते खिडकीकडे कागद धरून दाखवलं. त्यातली एक जुनी बाई लाटणं ठेवून म्हणाली, “आन् आमी तिला सरपण बी उसनं दिलं न्हाई ओ सायेब.” विद्यापीठालाही लेखी जबाब दिला. ‘प्रकरण बंद आहे’ असं उत्तर आलं. ते मी परत उघडायला लावणारच आहे.

बसस्टँडवर संगीताला आवाजाचंही सांगितलं. न सांगणं म्हणजे पुन्हा झाकणं झालं असतं. वाटलं चिडेल. ती एकदम माझ्याजवळ सरकली.

“तुमाला अजून येतो आवाज?”

“हो.”

“मला त्या दिशी एकदाच आला. आन् मी उठले न्हाई काका. आई मघाधरनं बसलेय म्हणाली आन् मी खुर्चीत पर्स धरून बसून राहिले. गफूरमामा गेले बघायला, मी न्हाई गेले.” मग बसकडे बघत म्हणाली, “तुमची दवाखान्याची तारीख कदी हाय?”

त्या तारखेला ती ड्युटी बदलून आली. माझ्या शेजारी बसली, नवी साडी नेसून. कंपाउंडरनं नाव पुकारलं.

काही नाही. पंखा, एका पोराचं रडणं, बाहेरचे रिक्षेवाले.

“वाघमारे बाबा, नंबर आला की तुमचा.”

संगीतानं माझा दंड धरला. “अजून एकदा पुकारायला सांगा ना काका.”

मी सांगितलं. कंपाउंडरनं वैतागून, पण मोठ्यानं पुकारलं. सगळे आमच्याकडे बघायला लागले. ती दाराकडे तोंड करून उभी राहिली होती, या वेळी आधीच उठलेली.

काहीच आलं नाही. त्यानंतर आजवर आलेलं नाही.

तो आवाज कुणाचा होता, चौघांनी तो एकाच वेळी कसा ऐकला, कंपाउंडरला कोण दिसलं, यातलं मला काही सांगता येत नाही. लोक म्हणतात, खरं बोललात म्हणून तो थांबला, बरं झालं, सुटलात. मला सुटल्यासारखं वाटत नाही. संगीता अजून दर महिन्याला फोन करून दवाखान्याची तारीख विचारते. आणि मी ती सांगतो.