बघून मानणारी शकू

पोरांनो, शकुआजी गेल्याचा फोन आला तेव्हा तुमचा मोठा काका, माझा थोरला, माझ्यासमोर भाजी निवडत होता. मी फोन ठेवला. त्याने माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि हाताने विचारलं, "शकुमावशी?" जन्मापासून ऐकू न येणारा माणूस, पण सांगावं लागलं नाही... असं बघायला त्याला तिनेच शिकवलं होतं.

भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा आम्ही क्वार्टरमध्ये शेजारी होतो. शकू नागपूरकडची, नवरा रेल्वेत, स्वतः कारखान्याच्या प्राथमिक शाळेत शिकवायची, म्हणून तिला तिथे क्वार्टर. घरी नुकताच बौद्ध धम्म स्वीकारलेला, आणि कुणी सांगितलं म्हणून काहीही मानायचं नाही हा तिचा बाणा. मी बालसंगोपनाचं इंग्रजी पुस्तक उघडलं की म्हणायची, "बाई, लेकरू मांडीवर आहे ना, मंग पुस्तकात काय शोधून राहिली?" काका तेव्हा तान्हा होता. कारखान्याचा भोंगा वाजला की क्वार्टरच्या ओळीतली सगळी बाळं दचकून रडायची, हा मात्र स्वस्थ. किती शहाणं बाळ, असं मी कौतुकाने सगळ्यांना सांगायची. एका दुपारी तो लोखंडी खाटेवर पालथा खेळत असताना शकूने त्याच्या पाठीमागे पितळी ताट वाजवलं. तो वळला नाही. पुन्हा वाजवलं... नाही. मग तिने खाटेच्या दांडीवर तळहात दोनदा आपटला आणि थरथर अंगाला लागताच तो मान वळवून तिच्याकडे बघून हसला. मी त्याला उचलून छातीशी धरलं आणि तिला विचारलं,

"तुला कधी कळलं?"

"आधी नुसतं वाटलं. पण वाटलं म्हणून का कोणाच्या लेकराले बहिरं म्हणायचं? मंग रोज भोंग्याच्या टायमाले येऊन पाहून राहिली होती. तुले वाटे, चहासाठी येते!" मग माझा हात धरून म्हणाली, "आता रडून घे. मंग त्याले हाक कशी मारायची ते पाहू."

कॉलेजात मी तत्त्वज्ञान घेतलं होतं. माणसाला ज्ञान कुठून होतं यावर पानंच्या पानं लिहिली होती. पण आतून वाटणं, ते डोळ्यांनी पारखणं आणि पुढे साध्या अकलेने वागणं, हे सगळं एका माणसात मी त्या दुपारी प्रथमच पाहिलं. त्याचं नवल अजून ओसरलेलं नाही. तिची हाकही तीच राहिली... आली की खाटेवर दोन थापा, आणि आडवा पडलेला काका लगेच उठून बसायचा.

परवा आम्ही तिच्या घरी गेलो. तिची खाट रिकामी होती. काकाने दांडीवर तळहात दोनदा आपटला आणि उचलला नाही. तसाच ठेवून, डोळे मिटून, दांडी उलट थरथरते का ते बघत तो कितीतरी वेळ उभा राहिला.