मामांचे अंगठे

कारखान्याच्या फुटबॉल संघातले झाडून सगळे त्यांना मामा म्हणायचे, आणि मामांच्या मते त्यातला एकही भाचा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नव्हता. एकवीस वर्षं मामा त्यांची मालीश करत होते. नव्वद मिनिटं पळून आलेले पाय लाकडी बाकावर आडवे पडायचे. पोटऱ्यांत गोळे, सुजलेले घोटे, काळीनिळी नखं. मामा बर्फ लावायचे, तेल चोळायचे आणि वर शिव्या घालायचे. सामन्यानंतर दोन दिवस कठडा धरून जिना उतरणारा माणूस त्यांच्या लेखी माणूसच नव्हता.

पण अंगठ्याला तोड नव्हती. मांडीवर दाबला की स्नायू नुसता आंबलाय की आत फाटलाय, हे मामांना डॉक्टरच्या आधी कळायचं. मामा नाही म्हणाले की खेळाडू बाहेर. मॅनेजरही, ज्याला मामा पाठीमागे ढेरपोट्या म्हणत, चकार शब्द काढत नसे.

हे झालं जगाला दिसणारं. न दिसणारं असं, की दोन वर्षांपासून मामांचे अंगठे बधिर झाले होते. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. अंगठे गेले म्हणजे मामा गेले, ढेरपोट्या दार दाखवणार, या धास्तीने ते गुपचूप कोपराने रगडायचे. आता कोपराला काय कळतंय, कपाळ!

गेल्या आठवड्यात चार दिवसांत दुसरा सामना आला. डावीकडून खेळणारा वेल्डर म्हणाला, मांडीत टोचतंय. मामांनी कोपर फिरवलं, दोन शब्द सुनावले आणि त्याला मैदानात पिटाळलं. बाराव्या मिनिटाला तो मांडी धरून खाली बसला. स्नायू फाटला, हंगाम संपला.

बर्फ लावता लावता मामांनी त्यालाच फैलावर घेतलं. एवढं दुखत होतं तर तोंड शिवलं होतं का?

"सांगितलं होतं, मामा," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात, नाटकं करू नकोस."

जन्मभर दुसऱ्यांना तुच्छ लेखणाऱ्या मामांना पहिल्यांदाच स्वतःची किळस आली. दुसऱ्या दिवशी ते मॅनेजरपुढे उभे राहिले, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि सगळं कबूल केलं. या अंगठ्यांना काही कळत नाही, दुसरा माणूस बघा.

मॅनेजर मोबाइलवर वेळापत्रक चाळत होता. त्याने हातांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाटकं करू नका, मामा," तो म्हणाला. "शनिवारी सामना आहे."