बँका सोडत जाणारी लोरेटा

आमच्या गावात, मॅनिटोवॉकमध्ये, सगळे सांगत की लोरेटा झिएलिन्स्कीला कुठलीच बँक टिकू देत नाही. चर्चमधल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणात कोबीच्या वाट्या भरता भरता मिसेस वाख्टर हळूच म्हणायच्या, म्हणजे बाहेर गाड्या लावणाऱ्यांना ऐकू जाईल इतकं हळू, "सहा-सात महिने झाले की काढतात बाई तिला. काहीतरी असणारच." ते 'असणारच' म्हणताना त्या ओठ असे आत ओढायच्या, जणू कवळीच गिळतायत. कोणी म्हणे खोटे चेक. कोणी म्हणे तिच्या नवऱ्याचा, स्टॅनचा, ग्रीन बे शहरात दुसरा संसार आहे आणि ती त्याच्यापासून पैसे लपवते. स्टॅनला एकदा जरी पाहिलं असतं तरी हे कोणाला पटलं नसतं. त्याला एक संसार करतानाच मध्ये मध्ये डुलकी लागते.

खरी गोष्ट उलटी होती. बँका तिला काढत नव्हत्या, तीच बँका सोडत होती.

लोरेटा आमच्या शाळेची बस चालवते. तिचं प्रत्येक वाक्य 'हो की नाही' वर येऊन थांबतं, प्रश्न असो वा नसो. "खाली बसा, हो की नाही." "रस्त्यावर बर्फ आहे, हो की नाही." मी मागच्या बाकावरून तिची हुबेहूब नक्कल करायचे, तर आरशात बघून ती शांतपणे म्हणायची, "जोसी, मी इतकी नाकात बोलत नाही, हो की नाही."

तर बँकांचं असं. गिऱ्हाईक ओढायला बँका घरोघरी पत्रं पाठवतात: आमच्याकडे खातं उघडा, तुमचा पगार मालकाकडून थेट आमच्याकडे जमा होऊ द्या, आम्ही तीनशे डॉलर देऊ, चारशे देऊ. बाकीचं गाव ती पत्रं कचऱ्यात टाकतं. लोरेटा चष्मा लावून तळाची मुंगीएवढी अक्षरं वाचते. मग शाळेच्या पगाराच्या कचेरीत जाते. तिथली ग्लेंडा तिला दारात बघूनच कपाळ टेबलावर टेकवते. पगार नव्या बँकेकडे वळतो, बक्षीस येतं, ठरलेली मुदत संपेपर्यंत लोरेटा खातं नीट सांभाळते, आणि एक दिवस काउंटरवरच्या मुलीला घरच्या जर्दाळूच्या बिस्किटांचा डबा देऊन, तिच्या आईची तब्येत विचारून, खातं बंद करते. बक्षिसावरचा करही भरते. त्यात लपवाछपवी काही नाही. तिला कोणी विचारलंच नव्हतं, एवढंच.

हे मला कळलं ते एका उन्हाळ्यात, वेंडल क्रोएनिंगच्या दुकानात. मी तिथे आइस्क्रीमसारख्या थंडगार कस्टर्डचे गोळे कोनात भरायचं काम करत होते. जूनमध्ये एका सकाळी बघते तर आम्हा पोरांच्या ओळीत, तसलाच पिवळा एप्रन बांधून, लोरेटा.

मी विचारलं, मिस लोरेटा, तुम्ही इथे कशा? तर तिने सगळं सांगून टाकलं. तिला पेटी घ्यायची होती. आमच्याकडे पोल्का नाचाला लागते ती, दोन्ही हातांत धरून ताणायची-दाबायची कॉन्सर्टिना. ऑगस्टमध्ये चर्चची सहल असते आणि तिथे पोल्का वाजवायचा मान कित्येक वर्षं तिचा. पण तिची जुनी पेटी आता दम लागल्यासारखी फुसफुसायची, आणि सहलीच्या मंडळाने सांगितलं होतं की या वेळी हिला सूर लागला नाही तर आम्ही सरळ स्पीकरवर गाणी लावू. पुलास्की गावातला एक म्हातारा त्याची पेटी तिच्यासाठी राखून बसला होता, पण सहलीच्या आदल्या शनिवारपर्यंतच. आणि नवरा-बायकोत एक ठराव होता: छंदाला घरचा पैसा नाही, आणि पगार म्हणजे घरचाच पैसा. स्टॅनची मासेमारी शिकाऱ्यांना हरणाचे सॉसेज करून देण्याच्या पैशांवर चाले, लोरेटाची पेटी बँकांवर. आधीच्या बँकांचं मिळून बरंच जमलं होतं. आता फक्त हंसवाल्या बँकेचे चारशे कमी पडत होते. पाटीवर हंस आहे म्हणून हंसवाली.

आणि नेमकी इथे ती चुकली होती. खातं उघडलं मे महिन्यात. ग्लेंडाने पगार वळवला, पण वळवलेला पगार पुढच्या खेपेपासून लागू होतो, आणि पुढची खेप आलीच नाही, कारण शाळा सुटली. बसवाल्यांना सुट्टीत पगार नसतो. शेवटचा पगार जुन्या बँकेत जाऊन बसला. हंसवाल्या बँकेची अट अशी की जुलै संपायच्या आत मालकाकडून पाचशे डॉलर तरी थेट यायला हवेत. स्वतः नेऊन भरलेले चालत नाहीत, नवऱ्याने पाठवलेले चालत नाहीत. मालक हवा. म्हणून लोरेटाने उन्हाळ्यापुरता एक मालक शोधला होता.

मालकही असा शोधला की काय सांगू. पहिल्या पगाराच्या शुक्रवारी वेंडल मागच्या खोलीतून लिफाफ्यांचा गठ्ठा घेऊन आला. वेंडल बोलायला लागतो ते थंडीत ट्रॅक्टर चालू केल्यासारखं: आधी घशात घरघर, मग 'आता बघ', मग पुन्हा घरघर, मग वाक्य. दर पगाराला तो आम्हाला ओळीत उभं करतो, एकेकाच्या हातात चेक ठेवतो आणि सोबत एकेक बोल. मला म्हणाला, "आता बघ, जोसी. गोळा एक म्हटलं की एक. दीड नव्हे." लोरेटाला लिफाफा दिला. तिने तो उघडला, आतला कागद बघितला, आणि बर्फात बस रुतल्यावर व्हायचा तसा तिचा चेहरा झाला.

तिने त्याला त्याच दिवशी विचारलं, पगार थेट बँकेत टाकाल का. तो नाही म्हणाला. त्याचे वडील हातात देत, तो हातात देतो. दुपारी भांडी घासताना मी तिला म्हटलं, सोडा, वेंडल अजून वायरवाला फोन वापरतो, तुमचे चारशे काही येत नाहीत.

"लाव पैज, हो की नाही," ती म्हणाली.

ठरलं असं. बक्षीस आलं नाही तर पुढचा अख्खा हिवाळा बस कोपऱ्याऐवजी माझ्या दाराशी थांबेल. आमच्याकडची जानेवारी ज्यांनी कोपऱ्यावर उभं राहून काढली आहे त्यांना या पैजेची किंमत कळेल. आणि आलं तर सहलीत, सगळ्या शाळेसमोर, पहिला पोल्का मी स्टॅनबरोबर नाचायचा. स्टॅन नाचतो तेव्हा जागा असतो, हीच अडचण. त्याच्या बुटाखाली आजवर बऱ्याच जणींची नखं गेली आहेत.

मी इतकी निर्धास्त होते की तेव्हाच घरी सांगून टाकलं, यंदा मला जाड कोट नको.

लोरेटाने वेंडलला पुन्हा विचारलं नाही. ती नुसती त्याच्या शेजारी उभी राहून काजू-बदाम चिरायची आणि बोलायची. तुमची बँक चेकबुकाचे किती घेते? आणि महिन्याचे वेगळे? अरेरे. मग एके दिवशी सहज म्हणाली, हंसवाली बँक दुकानदारांनासुद्धा देते, नोकरांचा पगार तिच्यातून केला तर साडेसातशे. वेंडल व्हॅनिलाचं यंत्र पुसत राहिला. दुपारची गर्दी आली, गेली. दुकान रिकामं झालं तेव्हा मागून घरघर ऐकू आली.

"आता बघ, लोरेटा. किती म्हणालीस?"

"साडेसातशे."

त्याने फडकं पिळलं. मग म्हणाला, "पण मग शुक्रवारी मी पोरांना देऊ काय? हातात काही दिलं नाही तर बोलू कसा?"

मी आजवर त्याची हजार वेळा नक्कल केली होती, पण हा सूर मला माहीत नव्हता. लोरेटाला माहीत असावा. ती हसली नाही. "पगाराची चिठ्ठी लिफाफ्यात घाला," ती म्हणाली, "आणि ओळीत उभं करा. बोलायचं ते बोला. पैसा तेवढा आधी पोचलेला असेल, हो की नाही."

वेंडल दुसऱ्या दिवशी टाय लावून बँकेत गेला.

तरी मी घाबरले नव्हते. बँकेची सहीबिही होईपर्यंत जुलैचा एकच पगार उरला, आणि लोरेटाचे तास धरले तर तो पाचशेला थोडा कमी पडत होता. दाराशी थांबलेली बस मला दिसायला लागली. त्याच आठवड्यात तळ्यावर ऊन असं पडलं होतं की सगळी मुलं पोहायला निघाली होती. लोरेटाने विचारलं, तुझ्या पाळ्या मी करू का गं? मी म्हटलं, करा ना, उपकार होतील. शनिवारची दिली, रविवारची दिली, सोमवारचीही दिली. पाण्यात उताणी पडून मी तिची नक्कल करत होते, "जोसी फार गुणी, हो की नाही," आणि सगळे बुडेपर्यंत हसत होते.

शुक्रवारी वेंडलने आम्हाला ओळीत उभं केलं. लोरेटाने चिठ्ठी काढली, माझ्यापुढे धरली आणि पाचशेच्या पुढच्या त्या थोड्याशा डॉलरांवर बोट ठेवलं. तिथे माझा शनिवार होता, रविवार होता आणि सोमवारही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चारशे आले. शनिवारी ती आणि स्टॅन पुलास्कीहून पेटी घेऊन आले, मांडीवर नातवंड घ्यावं तशी. मिसेस वाख्टरांनी सहलीत विचारलं, कुठून आणलीस गं एवढी महाग? लोरेटा म्हणाली, बँकेने दिली. त्यावर त्यांनी कवळी जवळजवळ गिळलीच, आणि अर्ध्या तासाने मी बघते तर बटाट्याच्या सॅलडमागे त्या लोरेटाला विचारत होत्या, ती मुंगीएवढी अक्षरं नेमकी कुठून वाचायला सुरुवात करायची.

मग लोरेटा मंडपात खुर्चीवर बसली, पेटी ताणली, आणि पहिल्याच सुराला स्पीकरवाला आपली वायर गुंडाळायला लागला. माझी सगळी शाळा सॉसेजचे पाव हातात धरून गोल उभी होती. वेंडलने ओळीच्या पुढे उभं राहावं तसं उभं राहून घसा साफ केला आणि मला म्हणाला, "आता बघ, जोसी. नाच एक म्हटलं की एक. अर्धा नव्हे."

स्टॅन पूर्ण जागा होता. त्याने जड बुटांनी जमीन एकदा तपासून पाहिली आणि हात पुढे केला. मी सँडल घालून आले होते.