मराठीत लिहिण्याची चेष्टा

आज सकाळी स्कूटी काढतच होते, तेवढ्यात आत्याचा फोन आला. इतका आनंद झालाय की ऑफिसच्या गेटपाशी गाडी लावून आधी हे लिहितेय!

झालं असं... गेल्या महिन्यात ठरवलं, रोज मराठीत चार ओळी इथे टाकायच्या. आम्ही मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे. शाळा हिंदी, बाजार हिंदी, भांडणंसुद्धा हिंदीतच. मराठी फक्त घरात, तीही आमच्या पद्धतीची.

रोज लिहिणं ही काय चीज आहे ते तेव्हा कळलं! सकाळी डब्याची घाई, संध्याकाळी डोकं रिकामं. एकदा तर लालबर्र्याच्या बसमध्ये उभ्याउभ्या टाइप केलं आणि पोस्ट करणार तोच नेटवर्क गायब... तरी नेटाने लिहीत होते.

परवा मोठ्या हौसेने लिहिलं, ‘मी रोज मराठीत लिहिण्याची चेष्टा करते.’ हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मला वाटलं, मराठीतही तेच असणार!

पुण्याच्या मावसबहिणीची लगेच कमेंट. ‘अगं, चेष्टा म्हणजे टिंगल! तशी करतेच आहेस म्हणा.’ त्याखाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागली.

मीही वरवर हसले, पण तोंड एवढंसं झालं होतं. जी भाषा धड येत नाही, तिच्यात रोज कशाला मिरवायचं? काल काहीच लिहिलं नाही. खरं सांगते, पुन्हा लिहायचंच नाही असं ठरवून टाकलं होतं...

आणि आज राजेगावहून आत्या. हॅलो नाही, काही नाही. “काहून वं, काल काई लिवलं नाही? मोबाइल पाहत बसली मी, चहा थंडा झाला माहा!”

आत्या माझं रोज वाचते? तिने आजवर एक लाइक दिलेला नाही! मी रडवेली होऊन चेष्टेचं सगळं प्रकरण तिला सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मंग त्याच्यात काय चुकलं? कोशिशच तर करून राह्यली ना तू? मले तं बराबर समजलं.”

स्कूटीवर बसल्याबसल्या मी इतकी हसले की शेजारच्या काकू बाहेर आल्या. शब्द चुकतील, पुण्याची मंडळी हसतील, मी सुधारून घेईन. पण आपलं लिहिलेलं कुणीतरी इतकं मन लावून वाचतंय... याचा आनंद काय सांगू!

आत्या, हे घे आजचं. पण आधी चहा पिऊन घे.