गोजराबाईनं रोखून धरलेली पंगत

आसेगावच्या गोजराबाईच्या सासूचं एकच म्हणणं होतं, बाईच्या हाती खंजिरी वाजली की घरात बरकत राहत नाही. आता गोजराबाईचा बाप पक्का खंजिरीवाला. पोरगी पाळण्यातच ताल ऐकत वाढलेली. तिनं काय करावं? सासूशी ती भांडली नाही. रोज कणीक मळता मळता परात वाजवत राह्यली. सासू ओसरीवरून ओरडे, "झाली का वं कणीक?" ही आतून म्हणे, "होऊन राह्यली जी!" अन् अशी ती तासभर होऊन राहे. नानाजी, म्हणजे तिचा नवरा, लग्नानंतर दहा-बारा वर्षं रोज उशिरा जेवला. पण पोळ्या अशा मऊ, की बिचाऱ्याले तोंड उघडायची सोय नव्हती.

सासू गेली अन् त्याच महिन्यात गोजराबाईनं खंजिरी विकत आणली. या दोन गोष्टींचा एकमेकीशी काही संबंध नाही, असं ती आजही शपथेवर सांगते. सांगू द्या बापा, आपलं काय जाते!

मग तिनं मंडळ उभं केलं. सात बाया. टाळ, ढोलकी, अन् पेटीवर प्रयागबाई. प्रयागबाईले सूर एकच येते, पण तो असा पक्का धरते की भूकंप झाला तरी सुटणार नाही.

आता केनवडच्या पलीकडे एक गाव आहे. तिथं दरसाल माघात संगीत भजन महोत्सव असते. सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत वीस मंडळं, आवाजाचे मोठमोठे डबे, मोठा पडदा, बाहेर कचोरीच्या गाड्या अन् पाळणे. मागच्या साली गोजराबाईचं मंडळ तिथं पहिल्यांदा गेलं. स्टेजवर बसल्या, खंजिरीवर पहिली थाप पडली, अन् महोत्सवाचा कारभारी देवमन माइकवरून पुकारला, "महाप्रसाद तयार आहे होऽऽ!" झालं. मांडव असा खाली झाला जसं काही चारशे लोकाइच्या खाली विंचू निघाला. गोजराबाईनं सतरंज्याइले दोन भजनं ऐकवली. दोन कुत्री होती, त्यातलं एक झोपलं. देवमननं खालून हात केला तसा तिनं जयकारा दिला, लोकाइनं तिकडे घास घेतला, अन् या साती जणी उतरून वांग्याची भाजी वाढत फिरल्या.

तेवढंही तिनं गिळलं असतं. पण संध्याकाळी निकालाच्या वक्ती परीक्षक म्हणाले, "आसेगावच्या भगिनींचा आवाज फार गोड होता."

"ऐकलं नाही अन् गोड म्हनते!" गाडीत बसल्यापासून घर येईपर्यंत ती हेच म्हणत होती. "त्यापरीस भिकार म्हनला असता तर चाललं असतं. पन ऐकून म्हन न बाप्पा!"

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच किडा. बक्षीस गेलं खड्ड्यात. भरल्या मांडवात, परीक्षकाइच्या कानात, एक डाव पूर्ण गायचं.

या साली पोरानं, हरीओमनं, मॅजिक गाडी काढली. साती बाया, नानाजी अन् टाळ वाजवायले नात संस्कृती, आता सातवीत आहे. नानाजीनं नवी टोपी घातलेली. वाटेत त्यानं समजावून पाह्यलं, "अवं, दोन भजनं म्हनायची अन् खाली उतरायचं. लोकाइच्या गावात तमाशा नोको."

"तुमी कचोरी खा," गोजराबाई म्हणाली, "अन् टोपी सांभाळा. मी माह्यं पाहतो."

नाही, 'पाहतो'च म्हणते ती. आमच्याकडच्या बाया अशाच बोलतात, काही बिघडत नाही.

सकाळ मजेत गेली. संस्कृती दोनदा पाळण्यात बसली, हरीओमनं कचोऱ्या किती खाल्ल्या ते त्याच्या बायकोले कोणी सांगू नका. बाराच्या सुमाराले गोजराबाई चुलांगणाकडे गेली. थंडीनं खंजिरीचं कातडं ढिलं पडते, ते निखाऱ्याच्या आरावर धरून शेकावं लागते. मोठ्या कढईत भाजी रटरटत होती. मोहनसिंग आचारी झारा हलवत म्हणाला, "मावशी, तुमचा नंबर आता बारावा न? मंग तयारीत राहा. बायाइचा नंबर लागला का पंगत बसवायची, असं देवमनभाऊनं सांगतलं हाये. अन् दोन गाने झाले का वाढायले या. वाढनारे कमी हायेत."

"म्हंजे मागच्या सालीबी ठरवूनच?"

"दरसाल तसंच असते न मावशी. मानसाइच्या मंडळाच्या वक्ती कसं उठवावं लोकाइले?"

गोजराबाईनं खंजिरी कानाशी नेऊन बोटानं टणकारली. मग एकदम विचारलं, "अन् जयकारा कोन देते?"

"स्टेजवर ज्याइचं भजन चालू हाये, तेच."

आता आपल्या इकडची रीत साऱ्याइलेच ठाऊक आहे. पान वाढलं तरी जयकारा झाल्याबिगर घासाले हात लावायचा नाही. वाढल्या पानावरून उठायचं नाही, तो अन्नाचा अपमान. अन् भजन चालू असताना कोणी मधात तोडायचं नाही, मग तो गावचा पाटील का असेना. गोजराबाईनं हे तीन नियम मनातल्या मनात एकावर एक रचले अन् हसली. दुरून नानाजीनं ते हसणं पाह्यलं अन् कपाळाले हात लावला. अडतीस वर्षांचा अनुभव होता त्याले.

नंबर लागला. देवमन पुकारला. मांडव खाली झाला. शेजारच्या वावरात पंगती बसल्या, मधात कापडाची कनात. गोजराबाई संस्कृतीच्या कानात बोलली. पोरगी तुरुतुरु गेली अन् कनातीच्या दोऱ्या सोडून आली. कनात पडली तसे चारशे लोक पत्रावळीसगट समोर. तिसऱ्या रांगेत तिघं परीक्षक.

पहिलं भजन झालं. दुसरं झालं. पानं वाढून झाली, पोळीवर तूप पडलं. देवमननं हात केला.

गोजराबाईनं डोळे मिटले अन् तिसरं उचललं.

दोन भजनांच्या मधात फट सापडली असती तर देवमन घुसला असता. पण प्रयागबाईनं आपला एकुलता एक सूर असा लांबवला की सुई जायले जागा नाही. देवमन धावत आवाजवाल्या लालसिंगाकडे गेला. "बंद कर बे डबे!"

लालसिंग पानावर मांडी घालून बसलेला. "कसा उठू भाऊ? पान वाढलं न."

देवमन नानाजीकडे वळला. "नानाजी, आवरा न तुमच्या मंडळीले!"

"मले आवरता आली असती," नानाजी म्हणाला, "तर मी जवानीत टायमावर जेवलो नसतो का?"

पंगत हसली. देवमननं चिडून तिथूनच जयकाऱ्याले तोंड उघडलं, तर एका म्हाताऱ्यानं काठी आपटली. "भजन उभं असताना तोडतं? बस खाली!"

तवा कुठं लोकाइच्या ध्यानात आलं, की आता ऐकल्याबिगर सुटका नाही. बुंदीकडे पाहायचं अन् ऐकायचं. पहिले तोंडं वाकडी झाली. मग एकाचं बोट पत्रावळीच्या काठावर वाजायले लागलं. गोजराबाईनं आपलं स्वतःचं रचलेलं काढलं होतं,

"भाकर खातं रोज माणसा, हात कोणाचे विचार रे,
चूल कोणाची, धूर कोणाचा, एक घडी तं विचार रे."

भाजीच्या बकेट्या घेऊन गावातल्या बाया उभ्या होत्या. एकीनं बकेट खाली ठेवली अन् टाळी धरली. मग दुसरीनं. 'विचार रे' आलं की त्या खालून असं ओढत की पंगतीतले कितीतरी नवरे पानात मान घालून बसले. परीक्षकाइतला एक जण खिसे चाचपत होता, त्याले कागद सापडेना. शेवटी त्यानं शेजाऱ्याचा पेन घेऊन हातावरच काहीतरी लिहिलं. खंजिरी अशी कडाडली की हरीओम, जो भुकेचा एवढा कच्चा, तोही "माय वं!" म्हणून बसल्या जागी डोलायले लागला.

तिसरं संपलं. गोजराबाईनं डोळे उघडले. चारशे तोंडं तिच्याकडे पाहत होती. तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पाहून घेतलं, घाई नाही काही. मग जयकारा दिला. उत्तर असं आलं की कचोरीवाल्याचं तेल हाललं. त्यातली अर्धी भक्ती होती अन् अर्धी भूक, पण आवाज तर निघाला.

ती स्टेजवरून उतरली तर देवमन समोर उभा. "टायमाच्या वर दहा मिनिटं घेतली तुमी. तुमचं नाव स्पर्धेतून काटलं."

"काटा न भाऊ."

"अन् पुढच्या साली बायाइचा नंबरच ठेवत नाही!"

"नोका ठेवू," गोजराबाई शांतपणे म्हणाली. "फक्त मंग आधी याइले विचारून घ्या, का पोळ्या लाटायले येतीन का नाही."

'याइले' म्हणजे मागच्या बकेटवाल्या बायाइले. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यातली एकही बकेट उचलत नव्हती. देवमननं त्याइच्याकडे पाह्यलं, मग पंगतीकडे. दुसऱ्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अबे भाजी आन न कोनी!"

शेवटी देवमननंच बाही वर केली अन् बकेट उचलली. पहिली पंगत त्यानं अन् नानाजीनं उरकली. नानाजीले वाढता येत नाही, अर्ध्या लोकाइच्या पोळीवर रस्सा अन् बाकीच्याइच्या पायावर. दुसऱ्या पंगतीले साती बाया, संस्कृती अन् गावातल्या बकेटवाल्या ऐन मधात मांडी घालून बसल्या. देवमन वाढत वाढत गोजराबाईपर्यंत आला.

"भाजी थंडी झाली आता," तो घुश्शात म्हणाला. "तुमच्याच गान्यापायी."

"झालीच असन," गोजराबाईनं पत्रावळ पुढं सरकवली. "पुढच्या साली सकाळी दहाचा नंबर द्या मले. तुमची भाजीबी गरम राहीन. वाढा, हात नोका आखडू."